फोंड्यातली लॅब: सुई टोचण्याआधी चौकशी करणारी

आईची शुगर तपासायला आम्ही आता फोंड्याला तिस्कजवळच्या एका लहानशा लॅबमध्येच जातो. एसी नाही, बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या. तरी विचारणाऱ्याला मी हीच लॅब सांगते, कारण इथली मुलगी सुई हातात घेण्याआधी नीट चौकशी करते.

गेल्या खेपेला तिने विचारलं, "आजी, सकाळपासून काही घेतलंत?"

"काही नाही गो, नुसता कोरा चहा. साखर अर्धाच चमचा."

मुलीने ट्यूब परत स्टँडला लावली. "मग उपाशीपोटीची आज नको. निदान आठ तास पाण्याशिवाय काही चालत नाही. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, मात्र आज घेते, तिला उपाशी राहावं लागत नाही."

आलेलं गिऱ्हाईक असं परत कोण पाठवतं? आधीच्या लॅबमध्ये कोणी काही विचारतच नसे, आणि आलेल्या आकड्यावर औषधं ठरायची. उपाशीपोटी १०० मिग्रॅ/डेलीच्या आत नॉर्मल, १२६ किंवा वर गेली की मधुमेहाची शंका. मधल्या माणसाला गोड चहाचा एक कप रेषेपलीकडे नेऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटीचं रक्त राखाडी टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतलं. त्यात फ्लोराइड असतं. नाहीतर रक्तातल्या पेशी त्यातली साखर वापरत राहतात आणि आकडा खोटाच कमी येतो. मग खाल्ल्यावर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं, त्यासाठी तिने बजावलं, "रोज खाता तेच खा. गोळी डॉक्टरांनी सांगितलीय तशीच घ्या. पहिला घास घेतला ती वेळ मला सांगा." दोन तास तिथपासून मोजायचे, खाऊन हात धुतल्यापासून नाही. समोरच्या हॉटेलात आईने पातळभाजी-पाव खाल्ला, मी लॅबला फोन केला, तिने चिठ्ठीवर वेळ टिपली. रिपोर्ट चांगला यावा म्हणून दोन बिस्किटांवर भागवणारे पुष्कळ असतात. त्यांनाही ती न चिडता समजावते, की असं केलंत तर गोळी लागू पडते की नाही हे डॉक्टरांना कळणार कसं?

तक्रार एकच. लॅब आठाला उघडते. सावई-वेरें, शिरोड्याकडून पहिल्या बसने येणारी म्हातारी माणसं तोवर उपाशीपोटी पायरीवर बसून असतात. सातला उघडा, निदान आत बसायला तरी द्या. इन्सुलिनवाल्यांना ताटकळत ठेवणं बरं नव्हे.