टिळकवाडीतलं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान – सिस्टम रिस्टोअर अडकलं होतं, डेटा सगळा वाचला

बेळगावात लॅपटॉप घेऊन कुठेही जा, पहिलं वाक्य ठरलेलं, "फॉरमॅट मारावा लागेल". टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे जे छोटं दुकान आहे तिथे मात्र असं झालं नाही, म्हणून मुद्दाम एवढं मोठं लिहितेय.

लॅपटॉप भाच्याचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट सगळा त्यातच. अपडेटनंतर स्क्रीन मधेच काळी व्हायला लागली म्हणून त्याने सिस्टम रिस्टोअर (विंडोज आधीच्या तारखेच्या स्थितीत परत नेणं) लावलं आणि ते 'रिस्टोअरिंग फाईल्स'वर जे थांबलं ते थांबलंच. रात्र झाली तरी गोल फिरतोय आपला. त्यात बाहेर पाऊस, लाईट कधी जाईल नेम नाही आणि बॅटरी जुनी. घाबरून दुकानाला फोन लावला तर बंद करायची वेळ असूनही त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "अक्का, पॉवर बटण दाबायची घाई नको. आधी हार्डडिस्कचा लाईट बघा, लुकलुकतोय का?" साधारण अर्ध्या-पाऊण तासात हे काम होतं, डिस्क जुनी असली तर जास्तही लागतो, आणि लाईट हलत असेल तर आत काम चालू असतं, मधेच बंद केलं तर रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) अर्धवट राहून विंडोज उघडणारच नाही, असं समजावलं. लाईट हलत होता पण सकाळपर्यंत तिथेच. मग नेला.

त्यांनी लगेच रिपेअरला हात घातला नाही हे मला सगळ्यात आवडलं. डिस्क काढून त्यांच्या मशीनला लावली आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून मला दाखवलं, पिवळ्या रंगात 'कॉशन' म्हणजे सावधान आलेलं. बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या जागा. डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायला बघत होती, रिस्टोअर पुढे सरकणार कुठून! चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारं विंडोजचं साधन) लगेच का नाही चालवत असं भाच्याने विचारलं तर म्हणाले मरायला टेकलेल्या डिस्कवर ते तासन् तास घासत बसतं, त्यातच ती गेली तर तुझा प्रोजेक्टही गेला, आधी डेटा बाहेर काढूया. हे कोण सांगतं हो आजकाल?

डेटा काढून झाल्यावर सगळी डिस्क नवीन एसएसडीवर (जास्त वेगवान प्रकारची डिस्क) जशीच्या तशी उतरवली, चेकडिस्क तिथे चालवलं, आणि रिकव्हरी मेनूतून आधीच्या तारखेचा रिस्टोअर पॉइंट (त्या दिवशीची साठवलेली स्थिती) निवडून रिस्टोअर पुन्हा लावलं, तेही यूपीएसवर. चहा संपायच्या आत झालं. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर जाणार, फोटो आणि फाईली राहणार, हेही आधीच सांगितलं होतं, तसंच झालं.

प्रत्येक वेळी डिस्कच खराब असते असंही नाही म्हणाले. कधी अँटिव्हायरस आड येतो, मग सेफ मोडमधून, म्हणजे फक्त गरजेपुरतं विंडोज चालू करून, लावायचं. कधी रिस्टोअर पॉइंटसाठी लागणारी विंडोजची व्हॉल्यूम शॅडो कॉपी सर्व्हिस बंद असते. सी ड्राइव्ह भरत आला तर जुने रिस्टोअर पॉइंट आपोआप उडतात. आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये सिस्टम प्रोटेक्शन (रिस्टोअर पॉइंट बनवायची सोय) मुळात बंदच असतं, ते भाच्याकडून तिथेच चालू करून घेतलं. नवीन विंडोज ११ वाल्यांनी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लागलेल्या कुलपाची, रिकव्हरी की आत्ताच आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बघून लिहून ठेवा, अशा वेळी तीच मागतं आणि ती नसली तर कुणीच काही करू शकत नाही.

मजुरी ५०० घेतली, एसएसडीचं बिल वेगळं, वॉरंटीसकट. जुनी डिस्क न मागता परत दिली. आमच्याशी मराठी, शेजारच्या गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि समजावण्यात दोघांशीही तेवढाच धीर.

कमी काय? संध्याकाळी देतो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला, डेटा कॉपी व्हायला वेळ लागला म्हणे, ते पटलं पण एक फोन करायला हवा होता. गाडी लावायला जागा नाही, गेट पडलं की सगळी गर्दी दारातच. खानापूरकडून येणाऱ्यांनी फोन करूनच निघा, दुपारी जेवायला बंद असतं.