२००९ ची वॅगनआर, १७ हजारांचा साउंड आणि ८५ रुपयांची अर्थ वायर: ९ महिन्यांचा अनुभव

गाडीत नवीन साउंडचं फिटिंग होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हाच बाबांनी त्यातला दोष पकडला. पुण्याहून साताऱ्याला येत होतो. खंबाटकीचा चढ, गाडी सेकंडला, पेनड्राइव्हवर विलंबित ख्याल. आलाप नुकता सुरू झालेला, तबला अजून यायचा होता. डोळे मिटून बसलेले बाबा एकदम म्हणाले, "तानपुऱ्यामागे हे काय वाजतंय गं? षड्ज सरकतोय."

मी ॲक्सिलरेटर सोडला तर तो आवाज खाली आला, दाबला तर वर चढला. डासाच्या गुणगुणीसारखी बारीक शिट्टी, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर पट्टी बदलणारी. ढोलताशाच्या गाण्यात ती ऐकूही आली नसती. पण तानपुरा म्हणजे एकाच जागी धरून ठेवलेला सूर. त्याच्या शेजारी दुसरा सूर घसरत असेल तर कान तिथेच जातो. बाबांनी ३० वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली आहे, त्यांना तर ते सहन होईना. घरी पोचेपर्यंत आम्ही टेप बंदच ठेवला.

गाडी बाबांचीच, एलएक्सआय. १५ वर्षं झाली म्हणून पासिंग रिन्यू केलं, पर्यावरण कर भरला आणि पुढची ५ वर्षं हातात आली. नवी गाडी घ्यायची नाही हे पक्कं होतं, मग निदान ऐकायला बरं काहीतरी असावं. पुढच्या दारांचे पॅड कोणीतरी पूर्वीच कापून साडेसहा इंची स्पीकर बसवले होते, मागच्या ट्रेवर दोन ओव्हल (लंबगोल) स्पीकर होते आणि पुढे जुना सीडीचा टेप, ज्याची सीडी आत जायची पण बाहेर यायची नाही. बजेट १५ हजार ठरवलं.

घेतलं ते असं: सोनीचा ब्लूटूथवाला सिंगल डिन (एका खणात बसणारा) टेप ५,९००, जेबीएलचे दारात बसणारे कोॲक्सिअल (जाड-बारीक दोन्ही आवाज एकातूनच देणारे) स्पीकर ३,१००, ओळखीतून सेकंडहँड चार चॅनलचा ॲम्प (स्पीकरला जास्त ताकद देणारा ॲम्प्लिफायर) ४,५००, वायरिंग किट ९००, दारासाठी डांबरी डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी) ७०० आणि मजुरी १,५००. १६,६०० झाले. बजेट तिथेच ओलांडलं होतं आणि त्यात ती शिट्टी.

टेपबद्दल तक्रार नाही. एवढंच सांगते की खोक्यावरच्या '५५ वॅट गुणिले ४' वर स्पीकर निवडू नका. गाडीत १४.४ व्होल्टच्या वर काही मिळत नाही आणि तेवढ्यावर चार ओहमच्या स्पीकरला टेपमधून खरे मिळतात २० वॅटच्या आसपास. मोठा आकडा क्षणभराच्या कमालीचा असतो. म्हणून ॲम्प नसेल तर जास्त सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे तेवढ्याच वॅटला मोठं वाजणारे स्पीकर घ्या. ३ डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट वॅट घातल्यासारखं आहे, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. ब्लूटूथपेक्षा पेनड्राइव्हवरून आवाज स्वच्छ येतो, हे जुनी रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला लगेच कळेल.

आता शिट्टी. फिटिंग केलेल्या दुकानात मी चार वेळा गेले. पहिल्यांदा उत्तर मिळालं, "ताई, १५ वर्षांची गाडी आहे, एवढं चालायचंच." दुसऱ्यांदा ६५० रुपयांचा नॉइज फिल्टर गळ्यात मारला. तो आरसीए केबलच्या (टेपकडून ॲम्पकडे गाणं नेणारी वायर) मध्ये लावतात. शिट्टी अर्धी झाली खरी, पण पखवाजाच्या डाव्या अंगाचा घुमारा पार गेला, नुसती थाप उरली. स्वस्त फिल्टरमधली चिमुकली ट्रान्सफॉर्मर कमी कंपनं नीट पुढे पाठवत नाहीत, म्हणजे पैसे भरून बास घालवला. तिसऱ्यांदा सांगितलं, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदला. चौथ्यांदा मी म्हटलं, "दादा, जुना टेप याच अल्टरनेटरवर चालायचा, तेव्हा शिट्टी का नव्हती?" यावर तो माझ्याशी बोलायचाच थांबला आणि माझ्यासोबत आलेल्या भावाला समजावू लागला. गाडी मी चालवते, पैसे मी दिले, शिट्टी मी ऐकली. त्या दिवशी मी तिथून निघाले ती पुन्हा गेले नाही.

अल्टरनेटर मुळात एसी करंट तयार करतो. आतले डायोड त्याचा डीसी करतात, पण तो अगदी सपाट होत नाही, बारीक लहर उरते. इंजिन जितकं जोरात फिरतं तितकी ती लहर जलद होते, म्हणून शिट्टीची पट्टी चढते. प्रत्येक गाडीत ही लहर असतेच, प्रश्न ती गाण्यात कुठून शिरते हा. टेपची अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली, करंट परत नेणारी काळी वायर) डॅशबोर्डच्या मागे आणि ॲम्पची सीटखाली. ॲम्पची अर्थ कच्ची असली की दोन्ही ठिकाणच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक राहतो, तो आरसीए केबलच्या जाळीतून वाहू लागतो आणि ॲम्प त्यालाही गाणं समजून मोठं करतो.

मार्चमधल्या एका रविवारी मीच बसले. १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस काढला (हे आधी करा, मग बाकीचं) आणि ड्रायव्हर सीट मागे सरकवून कार्पेट उचललं. ॲम्पची काळी वायर सोलून तिच्या उघड्या तारा सीटच्या बोल्टभोवती नुसत्या गुंडाळल्या होत्या. ना थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं कडं), ना रंग खरवडलेला. बोल्टखाली कंपनीचा रंग जसाच्या तसा चकचकीत. हाताने हलवली तर वायर फिरत होती. मायनस परत जोडून, इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून मल्टीमीटरची एक पिन ॲम्पच्या अर्थला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली: ०.४ व्होल्ट. तिथे जवळपास शून्य यायला हवं.

हार्डवेअरच्या दुकानातून ८० नंबरचा पॉलिशपेपर, दोन थिंबल आणि अर्धा मीटर जाड वायर आणली, ८५ रुपये. सीट किंवा सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नका, ते बोल्ट जीव सांभाळायला आहेत. कार्पेटखाली बॉडीचाच एक वेगळा छोटा बोल्ट सापडला. त्याच्याभोवती रुपयाच्या नाण्याएवढा रंग पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासला, थिंबल क्रिम्प करून आवळलं आणि गंजू नये म्हणून वरून व्हॅसलिन लावलं. परत मोजलं: ०.०३. फिल्टर काढून टाकला, टेप लावला, रेस दिली. शिट्टी जवळजवळ गेलेली, अगदी कान लावल्यावर थोडी. ती उरली होती कारण बॅटरीची लाल वायर आणि आरसीए दोन्ही एकाच बाजूने, एकाच टेपपट्टीने बांधून आणले होते. आरसीए डाव्या बाजूने फिरवून घेतली, तीही गेली. ॲम्पचा गेन (टेपकडून आलेला आवाज किती मोठा करायचा ते बटण) पूर्ण फुल करून ठेवला होता, तो निम्म्यावर आणला.

तेवढ्यात दाराचे पॅडही उघडले, कारण बासबद्दल मला आधीपासून शंका होती. पेन्सिल सेल घेतला, ॲम्पपासून सोडवलेल्या स्पीकरच्या प्लस वायरला त्याचा प्लस लावला की कोन बाहेर सरकायला हवा. डावा बाहेर आला, उजवा आत गेला. पिना चिन्हांप्रमाणे अदलाबदल करून डाव्यासारखा केला. उलटा जोडलेला एक स्पीकर दुसऱ्याचा बास खाऊन टाकतो. दोन महिने मी त्या स्पीकरना बोल लावत होते, त्यांची काही चूक नव्हती.

इथपर्यंत एप्रिलमध्ये लिहून ठेवलं होतं आणि शेवटी जोडलं होतं: "जुन्या गाडीत ॲम्पच्या भानगडीत पडू नका, डांबरी शीट मात्र जरूर लावा, ७०० रुपयांत दार बंद होण्याचा आवाजही मोठ्या गाडीसारखा होतो." आता ऑक्टोबर आहे आणि ही दोन्ही मतं मी मागे घेते.

शीट आधी. मे महिन्यात गाडी दुपारभर उन्हात उभी राहायची, आत बसलं की नवीन रस्त्यावर डांबर टाकल्यासारखा वास. बाबांना खोकला सुरू झाला. दार उघडून पाहिलं तर शीट वरून सुटून खाली दुमडून बसलेली, काच खाली घेताना घासत होती. ती सगळी उलथन्याने खरवडून काढली, रॉकेल-फडक्याने पुसून दोन संध्याकाळी गेल्या. मग बुटाइलची, वर ॲल्युमिनियमचा कागद असलेली शीट १,८०० ला घेतली. सगळं दार मढवायची गरज नाही. बाहेरच्या पत्र्यावर मधोमध, स्पीकरच्या बरोबर मागे, आणि जिथे बोटाने टकटक केल्यावर डबा वाजल्यासारखं वाजतं तिथे एवढीच. वॅगनआरचं दार उंच, सपाट आणि पातळ आहे, ते स्वतःच वाजतं. ते गप्प झालं की तोच स्पीकर वेगळा वाटतो.

शीट लावताना दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद फाडू नका, फाटलाच तर टेपने चिकटवून परत लावा. माझ्या डाव्या दाराचा दुकानातच फाटला होता. जुलैत काचेवरून दारात उतरलेलं पाणी त्या भोकातून आत आलं आणि बाबांच्या पायाखालचं कार्पेट आठवडाभर ओलं राहिलं.

आणि ॲम्प. त्याला मी एप्रिलमध्ये उगीच नावं ठेवली. गुन्हा अर्थचा होता, शिव्या ॲम्पला पडल्या. गेन नीट लावून, दारांचा हायपास (फार खालचे आवाज दारातल्या स्पीकरकडे जाऊ न देणारं सेटिंग) ८० हर्ट्झवर ठेवल्यापासून तो सहा महिने तापलेला नाही की कुरकुरलेला नाही. हायवेवर ८० च्या स्पीडला या गाडीत टायर आणि वारा मिळून एवढा आवाज करतात की नुसत्या टेपवर व्हॉल्यूम वाढवला की तार सप्तक फाटतं. ॲम्पवर फाटत नाही, गायकाच्या बारीक जागा तशाच्या तशा ऐकू येतात. सेकंडहँड घ्यायचा असेल तर घेण्याआधी अर्धा तास वाजवून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर सोडून द्या. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच. माझ्या किटमध्ये होता, पण दुकानाने तो ॲम्पच्या टोकाला लावला होता. म्हणजे मधली सगळी वायर, इंजिनकडून पत्र्याच्या भोकातून आत येणारी, फ्यूजशिवाय. ती कुठे घासून सोलली असती तर काय झालं असतं याचा विचार अजून मनातून जात नाही. नवीन फिटिंग करून आणलं असेल तर आज बॉनेट उघडून एवढं तरी बघाच.

एकूण खर्च शिट्टीचा फिल्टर आणि दुसरी शीट धरून १९,१३५ झाला. यातले ६५० आणि ७०० पाण्यात गेले. आता परत करायचं झालं तर पहिल्या दिवशी फक्त स्पीकर, बुटाइल शीट आणि पक्की अर्थ करीन, जुना टेप चालतोय तोवर चालवीन आणि ॲम्प दिवाळीला घेईन.

गेल्या शनिवारी पुण्याहून येताना खंबाटकीत तोच ख्याल लावला. दोन ट्रकच्या मागे सेकंडवर रडतखडत चढत होतो, इंजिन ओरडत होतं. बाबा काही बोलले नाहीत. घाटमाथ्यावर आल्यावर त्यांनी हात पुढे करून व्हॉल्यूम दोन घरं वाढवला. मागच्या ट्रेवरच्या ओव्हलचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, सध्या फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारं सेटिंग) पूर्ण पुढे आहे.