रात्रीच्या ट्रेलसाठी एकच दिवा घ्यायचा तर: हँडलबारवर की हेल्मेटवर?

दिवाळीच्या आसपास वाटा सुकल्या की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "रात्रीची राइड करायचीय, पण सध्या एकच दिवा परवडतोय. कुठला घेऊ?" दोन्ही घे, असं सांगणं सोपं आहे. पण विचारणाऱ्याचा खिसा सायकल घेतानाच रिकामा झालेला असतो. म्हणून एकाचंच बोलू.

दोन्ही दिव्यांच्या पोटात साधारण सारखाच एलईडी आणि सारखेच सेल असतात. फरक जागेचा. हँडलबारवरचा दिवा डोळ्यांपासून दोन-तीन वीत खाली असतो आणि हेल्मेटवरचा डोळ्यांच्या अगदी वर. बाकीचे सगळे फायदे-तोटे या अंतरातूनच निघतात.

पहिली गोष्ट सावलीची. मुरमाच्या वाटेवर डोळा दगड बघत नाही, दगडाची सावली बघतो. दिवा खाली आणि डोळा वर असला की प्रत्येक गोट्यामागे काळी सावली लांबते आणि खड्डा काळाकुट्ट दिसतो. दिवा डोळ्यांजवळ आला की सावली दगडाच्याच मागे लपते आणि वाट सपाट, पीठ भुरभुरल्यासारखी दिसते. पहिला हिवाळा मी निव्वळ हेल्मेटच्या दिव्यावर काढला. मुंबईजवळच्या उत्तनकडच्या एका उतारावर पावसाच्या पाण्याने खणलेला वीतभर खोल चर मला गुळगुळीत माती वाटला. पुढचं चाक आत गेलं आणि मी हँडलबारवरून पलीकडे. मग हेल्मेट काढून दिवा बाजूला धरून पाहिलं, तर तोच चर त्याच दिव्यात लख्ख दिसत होता.

दुसरी गोष्ट धुळीची आणि धुक्याची. घाटात धुकं असताना गाडीचा अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. हेल्मेटचा दिवा दर राइडला थोडं तेच करतो. पुढच्या सायकलची धूळ, खाडीकाठचे किडे, थंडीत स्वतःच्याच श्वासाची वाफ, सगळं डोळ्यांसमोरच उजळतं. पावसाळ्यात तर विचारूच नका.

इथवर हँडलबार जिंकतोय. पण वळण आलं की त्याची पंचाईत होते. चाक जिकडे वळेल, तिकडेच तो बघतो. कारवीतून जाणारी वाट कोपरात वाकवल्यासारखी वळते तेव्हा तुम्हाला आतली बाजू बघायची असते आणि दिवा मात्र समोरचं झुडूप उजळत बसतो. पुढचं चाक उचललं की झोत आभाळात जातो. हेल्मेटचा दिवा मानेबरोबर फिरतो, शिवाय मान धक्के पचवत असल्यामुळे झोत थरथरत नाही. पंक्चर काढताना त्याच्यासारखा मदतनीस नाही.

त्याचा आणखी एक गुण मुंबईकराने लक्षात ठेवावा. जनावराचे डोळे उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतात. दिवा तुमच्या डोळ्यांजवळ असला तरच ती चमक नीट दिसते. कुत्रा असो, रानमांजर असो, हेल्मेटच्या दिव्यात तो लांबूनच कळतो. (गवतात दवबिंदूंसारखे हिरवट ठिपके दिसले तर ते बहुतेक कोळ्यांचे डोळे. एकदा कळलं की मग सगळीकडे दिसतात आणि थोडं नकोसंही होतं.)

बिबट्याबद्दल मात्र या चमकेवर विसंबू नका. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आपल्या उशाशी आहे आणि आरे, येऊर हे त्याचेच शेजार. आरेत २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बिबट्याने माणसांवर एकामागून एक हल्ले केले. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हाच आहे. अंधारात वाकून, गप्पपणे पॅडल मारणारा माणूस बिबट्याला माणूस वाटेलच असंही नाही. त्या वाटा दिवसा, नियमांत राहून करा. रात्रीसाठी मालाडच्या मार्वेहून बोटीने मनोरीला उतरा. मनोरी, गोराई, उत्तन पट्ट्यात वस्तीला धरून मातीचे रस्ते आहेत. शेवटच्या फेरीची वेळ मात्र जेटीवर आधीच विचारून घ्या.

वस्तीतून जाताना हेल्मेटचा दिवा तुम्हाला उद्धट बनवतो. वाटेत भेटलेल्या काकांना रस्ता विचारायला तोंड वळवलं की त्यांचे डोळे दिपलेच. हँडलबारचा दिवा खाली वळवून ठेवता येतो, तोंडाचं तसं जमत नाही.

आता ल्युमेन, म्हणजे दिवा किती उजेड देतो त्याचं माप. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. अडथळा दिसून बोटं ब्रेकवर घट्ट होईपर्यंत दीड सेकंद धरला तर आठ मीटर तिथेच संपतात आणि सुट्या मुरमावर चाक लगेच थांबत नाही. म्हणजे पंधरा-वीस मीटरवरचं स्पष्ट दिसायला हवं. त्यासाठी हँडलबारवर ८०० ते १००० ल्युमेन पुरतात, डोक्यावर ४०० ते ६००. त्याहून जास्तीच्या मागे लागू नका. दुप्पट लांब तितकंच स्पष्ट दिसायला चौपट उजेड लागतो, त्यामुळे पैसे दुप्पट मोजले म्हणून वाट दुप्पट दिसत नाही.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या "दहा हजार ल्युमेन"च्या दिव्यांचा हिशेब करून बघा. आत १८६५० जातीचा एक सेल असतो. असा चांगला सेल ३००० ते ३५०० मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे जेमतेम १२ वॅट-तासांचा. चांगला एलईडी वॅटमागे शंभरेक ल्युमेन देतो. दहा हजार ल्युमेनला शंभर वॅट लागतील आणि तो सेल सात-आठ मिनिटांत आटोपेल. ९९०० लिहिलेला सेल दिसला तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे जा.

हँडलबारवाला घेताना पकड तपासा. बहुतेक माउंटन बाइकच्या हँडलबारचा मधला भाग ३१.८ मिलिमीटर जाड असतो, काहींचा ३५. माझा एक दिवा पहिल्याच उतारावर मान टाकून पुढच्या चाकाकडे बघायला लागला. रबरी पट्टा ताणून बसवला होता तरी. पट्ट्यापेक्षा स्क्रूने आवळायची पकड बरी. चढावर वेग कमी, वारा कमी, दिवा तापतो आणि बरेच दिवे स्वतःहून मंद होतात. म्हणून चढताना आपणच उजेड कमी करावा, सेलही वाचतो. पाण्याबद्दल आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं. खाडीच्या खाऱ्या हवेत चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट बसतंय ना, हेही बघा.

डोक्यावर दिवा घेणार असाल तर त्याचं वजन दीडशे ग्रॅमच्या आत ठेवा. त्यापुढे दोन तासांनी मान कुरकुरते. सेलची डबी पाठीवरच्या पिशवीत आणि वायर वर डोक्याला, असे दिवेही मिळतात. ते फांदीत अडकेपर्यंत छान असतात.

माझं मत हँडलबारच्या बाजूने. नवख्याला वळणापेक्षा खड्डा आधी पाडतो आणि गोराईकडच्या रुंद वाटांना कोपरासारखी वळणं फारशी नाहीतच. दिवसा घट्ट वळणांचे सिंगलट्रॅक, म्हणजे एकच सायकल मावेल अशा अरुंद वाटा, सराईतपणे करत असाल आणि तसलीच वाट रात्री करायची असेल, तर मात्र उलटं करा, हेल्मेटचा आधी घ्या आणि वेग निम्म्यावर आणा. एकटे असाल तर दोन्हींपैकी काहीच नको. सोबत कुणी असलं की पंक्चर काढताना मोबाईलचा टॉर्च धरायला दोन हात तरी मिळतात.