एका काठीचा हलका टेंट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा, एका माणसाचा, दुहेरी भिंतीचा टेंट. बाहेरचा फ्लाय 15डी (धाग्याची जाडी 15 डेनिअर) सिलनायलॉनचा, म्हणजे सिलिकॉन लावलेल्या पातळ नायलॉनचा, आतला इनर जाळीचा. ऑक्टोबर ते मे असा वापर झाला. सह्याद्रीत रतनगड–कात्राबाई खिंड–पाचनई–हरिश्चंद्रगड आणि राजगड–तोरणा अशा मुक्कामी वाटा, मेमध्ये हिमाचलातली गवताळ कुरणं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या घडणीचे टेंट अनेक जण बनवतात, आणि खाली लिहिलेले बहुतेक गुणदोष घडणीचेच आहेत.

आधी वजन. लेबलवर 690 ग्रॅम लिहिलंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर फ्लाय दोऱ्यांसकट 415, इनर 285. म्हणजे लेबल खोटं नाही, अपुरं आहे. त्यात आठ पेगचे, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्यांचे 88, पिशव्यांचे 22, शिवणींना लावलेल्या सिलिकॉनचे 20 आणि टेंटखाली अंथरायच्या ग्राउंडशीटचे 55 मिळवा: 885 ग्रॅम. पोल धरले नाहीत, कारण ते हातात असतातच. ज्यांना पोल घेऊन चालायची सवय नाही त्यांनी वेगळ्या काठीचे आणखी 150 ते 250 ग्रॅम धरावेत. स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा चांगला सोलो टेंट सव्वा किलोच्या आसपास असतो. फरक साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा, म्हणजे अर्धा लिटर पाण्यापेक्षा कमी. फेब्रुवारीनंतर गडांवरची टाकी आटली की पाठीवर चार लिटर पाणी असतं, तेव्हा हा हिशोब आठवतो.

हे चारशे ग्रॅम वाचतात, कारण टेंटचा सांगाडा तुम्ही विकत घेतलेलाच नसतो. तो जमिनीकडून उसना घ्यायचा असतो, आणि सह्याद्रीतली जमीन उधार द्यायला फारशी राजी नसते. घाटमाथ्यावर वीतभर मुरूम, खाली कातळ. ऑक्टोबरात पेग बोटाने दाबला तरी जातो, मार्चमध्ये त्याच जागी तो दगडाने ठोकावा लागतो. सोबत आलेले वाय आकाराचे ॲल्युमिनियम पेग मऊ मातीत उत्तम, पण ठोकले की माथा चेपतो आणि खाचेला धार येते. ती धार दोरी कापते. सहा-सात ग्रॅमचे तारेचे टायटॅनियम पेग फटीत सरकतात, पण मऊ मातीत गोल फिरून सुटतात. शेवटी जमलेला संच असा: चार कोपऱ्यांना 15 सेंमीचे वाय पेग, पोलसमोरच्या मुख्य दोरीला टायटॅनियमचा जाड खिळा, बाकी तीन तारेचे.

निव्वळ कातळावर पेगच नाही. तिथे दोन दगडांची रीत चालते. कोपऱ्याच्या फासात 70 सेंमी दोरी आधीच जोडून ठेवायची. तिचं दुसरं टोक मुठीएवढ्या दगडाला बांधायचं, आणि त्याच्या पुढे, टेंटच्या बाजूला, दोरीवरच डोक्याएवढा धोंडा टेकवायचा. ताण आला की लहान दगड मोठ्याला जाऊन अडतो आणि मोठा हलत नाही. नुसता मोठा दगड दोरीवर ठेवला तर पहिल्याच वाऱ्यात दोरी खालून सरकते. बेसॉल्टची कड दीड मिलिमीटरची दोरी रात्रभरात खाते, म्हणून 2 मिमीची घ्यावी आणि घासणाऱ्या जागी कापडाचा तुकडा ठेवावा. सहा-आठ दगड गोळा करून पुन्हा जागच्या जागी ठेवण्यात वीस मिनिटं जातात. अंधार पडायच्या आत पोहोचणं हासुद्धा या टेंटच्या किमतीचाच भाग समजा.

उभारताना सगळ्यात जास्त चुका दाराच्या चेनपाशी होतात. दार उघडं ठेवून पुढचे दोन कोपरे ठोकले, तर ते हातभर जास्त फाकतात. मग चेन बंद करताना रनर ओढावा लागतो आणि तो लवकर सैल होतो. म्हणून दार बंद करूनच चारही कोपरे चौकोनात ठोकायचे, पायाची बाजू वाऱ्याकडे. पोल 125 सेंमीवर लावून आत घालायचा, समोरची दोरी ताणायची, आणि मग कोपरे पुन्हा एकदा. पोल पिळून आवळायच्या प्रकारचा असेल तर तो रात्री हळूहळू बसतो. खटक्याचा पोल घ्यावा.

सिलनायलॉनचा खरा स्वभाव रात्री दहानंतर कळतो. नायलॉन ओल पितं आणि लांबतं. सहा वाजता ढोलासारखा ताणलेला फ्लाय दवाने झोळ धरतो, आणि त्याचा ओला पोट-भाग इनरच्या जाळीला टेकतो. झोपायच्या आधी पोल दोन सेंमी वाढवला आणि दोऱ्या पुन्हा आवळल्या की पहाटेपर्यंत भागतं. काही जण कोपऱ्यांना इलॅस्टिकचा फास लावतात, तो झोळ खेचून घेतो खरा, पण वाऱ्यात सगळा टेंट हेलकावतो. हा त्रास मुळातून नको असेल तर सिलिकॉन लावलेलं पॉलिएस्टर, म्हणजे सिलपॉली. ते पाणी फारसं पीत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं. ताकद आणि वजन यांच्या गणितात नायलॉन थोडं पुढे आहे, पण आज निवड करायची झाली तर सिलपॉलीच.

डायनिमाचं, म्हणजे अतिशय हलक्या पण मजबूत पॉलिएथिलिन धाग्यांचं कापड वजन आणखी खाली नेतं. ते लांबत नाही, भिजून जड होत नाही. पण खडबडीत दगडावर घासलं की ते हार मानतं, गुंडाळल्यावर जागा जास्त खातं, आणि किंमत ऐकून घरचे लोक टेंटमध्येच राहायला सांगतील.

आता आतून सुटणारं पाणी. दुहेरी भिंत घेतली की हा प्रश्न संपला, असं दुकानात सांगतात. संपत नाही. निरभ्र डिसेंबरच्या रात्री फ्लाय आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतो, मग दव त्याच्या बाहेरून पडतं तसं आतूनही धरतं. श्वासाची वाफ त्यात भर घालते. इनर फक्त एवढंच करतो की ते पाणी स्लीपिंग बॅगला लागत नाही. एका भिंतीच्या टेंटमध्ये कूस बदलली की खांदा ओला होतो. उपाय जागेत आहे: टाक्याच्या किंवा ओढ्याच्या काठी न लावता उतारावर थोडं वर, शक्य असेल तर झाडाखाली. झाडाची फांदी आणि टेंट एकमेकांकडे उष्णता देत-घेत राहतात, म्हणून तिथे दव कमी. फ्लायची खालची कड जमिनीपासून 8 ते 10 सेंमी वर ठेवावी. सकाळी पुसायला अर्धा पंचा पुरतो, सॅकवर टाकला की तासाभरात वाळतो. न पुसता नुसता झटकून भरलेला फ्लाय काट्यावर 150 ते 200 ग्रॅम जास्त भरला. म्हणजे वाचवलेल्या वजनातलं जवळपास निम्मं परत.

दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडावर कारखान्यातली टेप चिकटत नाही, त्यामुळे शिवणी आपणच बुजवायच्या. हार्डवेअरच्या दुकानातलं शंभर टक्के सिलिकॉन सीलंट, पारदर्शक. ॲक्रिलिक चालत नाही. साधारण 30 ग्रॅम डबीत घेऊन मिनरल टर्पेंटाइन थोडं थोडं घालत खाद्यतेलाएवढं पातळ होईपर्यंत ढवळायचं. टेंट ताणून उभा करायचा आणि बाहेरून ब्रशने शिवणीवर भरायचं, मोकळ्या हवेत. 24 तास वाळलं की टाल्कम पावडर भुरभुरायची, नाहीतर घडीत कापड कापडाला धरतं. शिखर, जिथे पोलचं टोक बसतं, तिथे दोन हात द्यावेत. पहिला थेंब नेहमी तिथूनच पडतो, नेमका कपाळावर.

एवढं करूनही सह्याद्रीच्या जुलैत हा टेंट नेऊ नये. कड्याच्या काठावर पाऊस खालून वर येतो, आणि हवेसाठी सोडलेली ती दहा सेंमी फटच पाण्याची वाट होते. हिमाचलात संध्याकाळच्या गारा आणि तासाभराचा पाऊस मात्र त्याने कुरकुर न करता सोसला.

लांबी तपासताना तळाचा आकडा बघून फसू नका. तळ 220 सेंमी आहे, पण दोन्ही टोकांच्या भिंती जमिनीशी साधारण 55 अंशांत झुकतात. मॅट 8 सेंमी आणि त्यावर पावलांची उंची 20 धरली, तर प्रत्येक टोकाला सुमारे 20 सेंमी जागा वाया जाते. उरतात 180. पावणेसहा फुटांपर्यंत ठीक, त्यापुढे स्लीपिंग बॅगचं टोक भिंतीला टेकणार. पातळ फोमच्या मॅटवर हाच टेंट थोडा मोठा होतो.

ग्राउंडशीट म्हणून शेतीचा मल्चिंग पेपर घ्या. 30 मायक्रॉनचा, दोन मीटर लांब आणि 90 सेंमी रुंद तुकडा पन्नास-पंचावन्न ग्रॅम भरतो. काट्यांवर टिकत नाही, पण फाटल्याचं दुःख होत नाही.

निवड करताना एक गोष्ट कोणी विचारत नाही: इनर वेगळा काढता येतो का? आपल्याकडे निम्मे मुक्काम देवळात, गुहेत किंवा शाळेच्या ओसरीत पडतात. तिथे फरशीत पेग जाणार नाही, त्यामुळे पूर्ण टेंट निरुपयोगी. पण सुटा इनर दोन खांबांमध्ये दोरी बांधून शिखराच्या फासाने टांगता येतो, आणि कोपऱ्यांत सॅक, बूट, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की 285 ग्रॅमची मच्छरदाणी तयार. खांब नसतील तर इनर तसाच अंगावर ओढून झोपावं लागतं, आणि जिथे जाळी अंगाला टेकते तिथे डास बरोबर शोधून चावतात.