प्रोसीजरला यादी द्यायची कशी: टीव्हीपी की जेसन?

सी शार्प या भाषेतल्या प्रोग्रॅममधून एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या प्रोसीजरला, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅमला, दोन-चार व्हॅल्यू द्यायच्या तर पॅरामीटर लिहा आणि मोकळे व्हा. ऑर्डरच्या सगळ्या ओळी एकाच कॉलमध्ये पाठवायच्या म्हटलं की दोन वाटा उरतात: २००८ पासून असलेला टेबल-व्हॅल्यूड पॅरामीटर (टीव्हीपी), म्हणजे अख्खं टेबलच पॅरामीटर म्हणून देणं, किंवा जेसनची, म्हणजे की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांनी लिहिलेल्या मजकुराची, स्ट्रिंग पाठवून आत ती ओपनजेसन या फंक्शनने टेबलासारखी उघडणं.

कागदावर टीव्हीपी सरस. त्याचा टाइप, म्हणजे टेबलाचा साचा, डेटाबेसमध्येच घोषित, कॉलमचे प्रकार ठरलेले, हवी तर प्रायमरी कीसुद्धा. प्रोसीजरमध्ये तो फक्त वाचता येतो, पण त्यापायी माझं काही अडलं नाही.

अडलं ते टाइप बदलताना. ऑर्डरच्या ओळीत बॅच नंबरचा कॉलम वाढवायचा होता, बस. टेबलला ऑल्टर, म्हणजे जागच्या जागी बदलायची कमांड, आहे, प्रोसीजरला आहे, टेबल टाइपला नाही. ड्रॉप करायला जावं तर सर्व्हर म्हणतो, अमुक प्रोसीजर हा टाइप वापरते. ती काढावी तर दुसरीचं नाव पुढे. सगळ्या काढा, टाइप नव्याने करा, सगळ्या परत टाका, आणि ड्रॉपबरोबर उडालेल्या एक्झिक्यूटच्या परवानग्या आठवणीने द्या. जुन्या टाइपचं नाव बदलून, नवा करून, प्रोसीजर रिफ्रेश करायची युक्ती आहे, चालतेही. पण खरी गोची त्यानंतर: एखाद्या मशीनवर जुनं ॲप्लिकेशन चालू असेल, तर ते एक कॉलम कमी पाठवतं आणि कॉल तिथेच आपटतो. म्हणजे डेटाबेस आणि ॲप्लिकेशन एकदमच बदलायचं, तेही रात्री, सगळ्यांना जागं ठेवून.

जेसनमध्ये हेच काम ओपनजेसनच्या विथमध्ये, म्हणजे कॉलमच्या यादीत, एक ओळ वाढवून होतं. जुन्या ॲप्लिकेशनने ती की पाठवली नाही तर नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू, येतो. डेटाबेस आज बदला, ॲप्लिकेशन सवडीने.

हाच सैलपणा अंगाशीही येतो, हे मान्य. कीच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक पडला तरी गुपचूप नल. म्हणून ज्या कीशिवाय चालणारच नाही तिच्या पाथआधी, म्हणजे जेसनमधल्या तिच्या पत्त्याआधी, मी स्ट्रिक्ट लिहितो. मग की नसेल तर एरर येते. आणि टीव्हीपी तरी किती कडक? तो कॉलम नावाने नाही, क्रमाने जुळवतो. सी शार्पमध्ये ओळी भरायच्या डेटाटेबलमध्ये नग आणि दर यांची अदलाबदल झाली आणि दोन्ही डेसिमल असले, तर चकार शब्द न काढता चुकीचा डेटा आत घेतो.

मोठ्या फाइलची आयात असेल, हजारो ओळी आणि वर्षानुवर्षं न बदलणारी रचना, तर टीव्हीपी घ्या. सी शार्पमधल्या एसक्यूएल-डेटा-रेकॉर्ड या क्लासने ओळी एकेक करून पाठवता येतात, सगळं मेमरीत भरावं लागत नाही. तिथे मीही तोच ठेवलाय. रोज काहीतरी बदलणाऱ्या व्यवहारांत मात्र माझा हात हल्ली जेसनकडेच जातो. तुमची टीम लहान असेल आणि सगळं एकदमच डिप्लॉय होत असेल, तर कदाचित तुम्हाला हा जाच जाणवणारही नाही.

जेसन ठरलंच तर आधी डेटाबेसची कम्पॅटिबिलिटी लेव्हल, म्हणजे तो सर्व्हरच्या कुठल्या आवृत्तीसारखा वागतो, ते बघा. ओपनजेसनला किमान १३० लागते, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर २०१६ ची. सर्व्हर नवा पण डेटाबेस जुन्या बॅकअपमधून आणलेला असेल, तर लेव्हल जुनीच राहिलेली असू शकते, आणि मग ओपनजेसन नावाचं काही अस्तित्वातच नाही असं सर्व्हर सांगतो.