दहा महिने गच्चीवरची ‘जिवंत माती’: पीक झकास, गोणीतलं पाणी महाग

परवा गांडूळखताची नवी गोणी उघडली, आत हात घालून मूठ वळली, तर बोटांच्या फटींतून पाणी ठिबकायला लागलं. गोणीवर छापलंय ‘शुद्ध वजन 40 किलो’. मोजलेत 480 रुपये. म्हणजे 12 रुपये किलोने मी कोणाच्या तरी बोअरिंगचं पाणी विकत घेतलं आणि ते दोन जिने वर चढवायला पोराला 40 रुपये वेगळे दिले. मार्चपासून लिहू-लिहू म्हणत होते, ते त्या मुठीने लिहायला बसवलं.

लिव्हिंग सॉइल म्हणजे जिवंत माती: झाडाला रासायनिक खत न देता मातीतल्या जिवांना खाऊ घालायचं, ते झाडाला पोसतात. तिची मूळ कृती बहुतेकांना पाठ असेल. एक हिस्सा पीट (दलदलीत अर्धवट कुजलेलं शेवाळ), एक हिस्सा कंपोस्ट, एक हिस्सा हवा खेळती ठेवणारं काहीतरी. दर घनफुटाला निंबोळी पेंड, समुद्री शेवाळ आणि खेकड्याच्या कवचाची पूड अर्धा-अर्धा कप, वर दगडाची भुकटी चार कप. मला ही कृती पुण्याच्या भाच्याने पाठवली. व्हिडिओत एक दाढीवाला गृहस्थ मोठ्या कापडी पिशवीत माती कालवत होता आणि मागे हिरवंगार, हातभर रुंद पानांचं झाड. मी विचारलं, भेंडी का रे ही? तर म्हणतो, “आत्या, गांजा आहे तो. तू झाडाकडे बघू नकोस, मातीकडे बघ.”

तर हो, ही कृती गांजावाल्यांची आहे. कॅनडात 2018 पासून बहुतेक प्रांतांत घरी चार झाडं लावायला परवानगी आहे, त्यामुळे तिथली माणसं कुंडीतल्या मातीवर आपण लोणच्याच्या मसाल्यावर घालवतो तेवढा वेळ घालवतात. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली हे झाड लावणं गुन्हा आहे. भांगेच्या पानांना त्या कायद्याच्या व्याख्येतून सूट आहे म्हणून इथे ठेक्यावर भांग मिळते, पण त्याचा अर्थ गच्चीवर रोप लावा असा होत नाही. मी लावले टोमॅटो, मिरची, वांगं आणि एका पिशवीत ढोबळी मिरची. भूक सगळ्यांची सारखीच: चार-पाच महिन्यांत वाढायचं, फुलायचं आणि तेवढ्यात भरपूर खाऊन घ्यायचं.

गंमत म्हणजे ही ‘परदेशी’ पद्धत मुळात आमच्याच गावची निघाली. सेंद्रिय शेतीची चर्चा जिथून सुरू होते ते अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, उलथापालथ करून तीन महिन्यांत खत करायची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. 1931 मध्ये त्यावर पुस्तक निघालं तेव्हा सोबत नाव होतं रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांचं. 1935 मध्ये गांधीजीही ते काम बघून गेले. ती जागा म्हणजे आजचं कृषी महाविद्यालय. मी त्याच्या भिंतीजवळून रोज स्कूटी नेते आणि कंपोस्ट कसं करावं हे शिकले दाढीवाल्याकडून.

आता सामान. 60 लिटरच्या चार जिओ-फॅब्रिक पिशव्या, म्हणजे 240 लिटर माती, साधारण साडेआठ घनफूट. पीट आपल्याकडे परवडत नाही, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घेतला. 5 किलोच्या विटेचे फुगून 70 लिटर होतात आणि ते घरी बादलीने मोजून बघता येतात. हे मी मुद्दाम सांगतेय, पुढे कामाला येईल. कोकोपीटमध्ये खार असतो, तीन वेळा धुवावं लागतं. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं. आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड, त्यामुळे सासूबाईंनी त्या तीन बादल्यांचा हिशेब आजतागायत सोडलेला नाही. कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून दोन मुठी जिप्समही घातलं.

दगडाची भुकटी ऑनलाइन बघितली आणि हसू आलं. ‘बसाल्ट रॉक डस्ट, 1 किलो’ आणि किंमत ऐकवत नाही. अहो, आपण बसलोय कशावर? सगळा माळवा दख्खनच्या काळ्या दगडावर आहे. खडी क्रशरवर जाऊन ‘चुरी’ मागितली, तगारीभर मिळाली, पोराला चहाचे 50 रुपये दिले. तिचा लगेच काही उपयोग होतो असं मला वाटत नाही, ती झिजणार तिच्या सवडीने. पण फुकटात मिळाली म्हणून घातली, खोटं का बोलू. याच दगडाची झिजून आपली काळी माती झालीय आणि तीच नुसती कुंडीत भरली की मे महिन्यात तिची वीट होते, वर बोट जाईल एवढ्या भेगा. जुन्या दोन कुंड्या तशाच ठेवल्यात, ताडून बघायला.

हवा खेळती ठेवायला लोक परलाइट, म्हणजे पांढरे हलके फुगीर दाणे घालतात, ते मला पहिल्यापासून आवडत नाही. पाणी घातलं की वर तरंगतं, वाऱ्याने शेजारच्या गच्चीवर. त्याऐवजी भाताचं तूस वापरलं. माळव्यात भात कुठला, म्हणाल. पण उज्जैनला पोह्याच्या गिरण्या आहेत ना! यांच्या ऑफिसातल्या एकांची तिथे ओळख निघाली, दोन पोती तूस गाडीच्या डिकीतून आलं. आठवडाभर गाडीत कोंडा, आणि एसी लावला की समोरून यायचा. तरी सांगते, सगळ्या सामानात पैसावसूल तूसच. दहा महिन्यांत थोडंसंच कुजलंय, माती अजून भुसभुशीत.

खेकड्याची पूड वगळली. बोनमील आणते म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, “हाडांची पूड? आणि शेजारी तुळस?” तो विषय तिथेच संपला.

राहिलं गांडूळखत. 80 लिटर हवं. आणि इथून माझी कटकट सुरू होते. बाजारात लिटर कोणी बोलतच नाही. किलो. पहिल्या वेळी 55 किलो घेतलं, बादलीने मोजलं तर 80 लिटर भरायला अजून एक थैली लागली. तेव्हा वाटलं, माझंच गणित चुकलं. (मी अकाउंट्सचं काम करते. माझं गणित चुकत नाही.)

मार्चमध्ये सगळं ताडपत्रीवर ओतून फावड्याने तीनदा वरखाली केलं आणि पिशव्या भरल्या. चौथ्या दिवशी हात घातला तर आत आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट, आणि नाकाला झोंबणारा वास. निंबोळी पेंड कुजायला लागली की असं होतं. महिनाभर माती नुसती ओलसर ठेवून मुरू द्यायची असते. मी नवव्या दिवशी रोपं लावली, कारण ती ट्रेमध्ये लांबुळकी व्हायला लागली होती आणि 12 रुपयांचं एक रोप होतं. पाच दिवसांत पानांच्या कडा करपल्या. सोळातली अकरा गेली. मी भाच्याला फोन करून वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, “आत्या, चार आठवडे थांबायचं त्याने स्पष्ट सांगितलं होतं.” सांगितलं होतं खरं, मी व्हिडिओ तेवढा पुढे ढकलला होता.

त्यात चिलटं. ओल्या कंपोस्टवर बारीक काळी चिलटं होतात, फंगस नॅट म्हणतात ती. त्यातलं एक सासूबाईंच्या चहात पडलं. मग एप्रिल-मे. पारा 42 वर. कापडी पिशवी चहूबाजूंनी वाळते आणि कोकोपीट एकदा कडक वाळलं की पाणी पीत नाही, वरून घातलेलं पाणी कडेने सरळ गच्चीवर. जूनमध्ये मला कोणी विचारलं असतं तर पाचात दीड तारा दिला असता, तोही तुसाला.

ते मत मी आता मागे घेते. दोन गोष्टींनी फरक पडला. एक, पिशव्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळलं आणि वर सोयाबीनच्या काडाचा चार बोटं थर दिला. त्याखाली मेथी पेरली, तिची मुळं माती धरून ठेवतात आणि पराठेही होतात. दुसरं, मी काहीच केलं नाही. मातीला तिच्या वेळेवर सोडलं. पहिला पाऊस झाला आणि एक दिवस काड उचलून बघते तर खाली गांडुळं, बारीक, लालसर, गुंतवळासारखी. विकत आणलेली नव्हती, त्या ओल्या खतातूनच आलेली असणार. हे वाक्य लिहिताना मला थोडं जड जातंय, कारण सांगते पुढे.

जुलैत लावलेल्या रोपांनी मात्र कमाल केली. मिरची ऑक्टोबरपासून अजून थांबलेली नाही. दोन झाडांचे डिसेंबरपर्यंत 9 किलो टोमॅटो, वजन करून वहीत लिहिलेत. वरखत म्हणून एक दाणा युरिया नाही, महिन्याला दोन मुठी खत आणि अर्धी मूठ पेंड, बस. काळ्या मातीच्या दोन कुंड्यांत मिळून दीड किलो. ढोबळी मिरची कुठेच नीट आली नाही, तो दोष मी मातीला देत नाही. वांग्यात अळी पडली, तो तिचा जन्मसिद्ध हक्क.

एकूण खर्च पिशव्यांसकट अडीच हजारांच्या आसपास. तयार लिव्हिंग सॉइलची 10 किलोची थैली 399 ला होती, 240 लिटर भरायला तसल्या चौदा तरी लागल्या असत्या, म्हणजे साडेपाच हजार, पिशव्या वेगळ्या. आणि परत तेच. 10 किलो म्हणजे किती लिटर? किती ओलं?

तर परवाची गोणी. दहा महिन्यांत माती चार बोटं खाली बसली होती, ती भरून काढायला आणलेली. त्यातलं 1 किलो वजनकाट्यावर मोजून स्टीलच्या परातीत पसरलं, गच्चीवर तीन दिवस उन्हात. उरलं 590 ग्रॅम. 41 टक्के पाणी, आणि उन्हात सगळं पाणी जातही नाही, म्हणजे खरा आकडा याहून वर. सरकारच्या खत नियंत्रण आदेशात गांडूळखताचा ओलावा 15 ते 25 टक्के सांगितलाय. म्हणजे 40 किलोच्या गोणीत निदान 30 किलो कोरडा माल हवा. मला मिळाला 23 किलो 600 ग्रॅम. सहा किलो 400 ग्रॅम कमी. 480 रुपये 30 किलो कोरड्या मालाचे धरले तर किलोला 16, म्हणजे पैशांत 102 रुपये.

परात, वही आणि गोणीचा फोटो घेऊन दुकानात गेले. हे म्हणाले, “102 रुपयांसाठी जाऊ नकोस, पेट्रोल 40 चं जाईल.” मी गेले. दुकानदाराने परात बघितली, शांतपणे म्हणाला, “मॅडम, आपने तो धूप में सुखा दिया. केंचुए मर गए होंगे.”

आणि इथे माझी पंचाईत झाली, कारण तो बरोबर होता. कडकडीत वाळवलेलं गांडूळखत म्हणजे निम्मं मेलेलं खत. त्यातली अंडी, त्यातले जीव ओल असेल तरच टिकतात. माझ्या पिशवीतली गुंतवळासारखी गांडुळं त्याच ओल्या खतातून आली होती. जिवंत माती हवी म्हणून हट्ट करायचा आणि खत सुकं मागायचं, हे कसं जमणार? पण ओलं असावं यावर माझा आक्षेप नाहीच. ते तुम्ही काट्यावर का घालता? लिटरवर विका ना. पाणी घातलं म्हणून खताची बादली दुप्पट होत नाही. गोणी मात्र जड होते.

बरीच हुज्जत झाली. त्याने 10 किलोची एक थैली वर दिली. घरी येऊन उघडली, तीही ओली.

शेवटी या शनिवारी 20 लिटरची रंगाची रिकामी बादली घेऊनच गेले. 160 रुपये बादली असा भाव ठरला. पोराने फावड्याने हलकं-हलकं, भुरभुरत भरायला सुरुवात केली, बादली भरली. मी ती दोन्ही हातांनी उचलून फरशीवर तीनदा आपटली, खत चार बोटं खाली गेलं. म्हटलं, आता भर. दुकानदार गल्ल्यावरून उठला, “मॅडम, ठोकने की बात नहीं हुई थी.” मग बराच वेळ गेला, मागचं गिऱ्हाईकही मध्ये बोलायला लागलं. एकदा आपटायची, असं ठरलंय.