कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: 'फॅक्ट' वापरताना कंसाकडे बघा

सांगलीत विश्रामबागला इंजिनिअरिंगच्या पोरांच्या हातात हमखास दिसतो तोच हा कॅल्सी (कॅल्क्युलेटर). मॅट्रिक्स, इंटिग्रेशनला उत्तम, त्यावर वेगळं बोलायला नको. इथे फक्त 'फॅक्ट'बद्दल, म्हणजे संख्येचे मूळ अवयव पाडून देणाऱ्या सोयीबद्दल, कारण मोठी संख्या मूळ आहे का हे ठरवताना नेमकं तेच फसवतं.

संख्या टाकून = दाबा, मग शिफ्ट आणि अंश-मिनिटांचं बटण. २^२३ − १ म्हणजे ८३८८६०७ दिली की ४७ × १७८४८१ असं चोख उत्तर येतं. आता २^३१ − १ द्या: (२१४७४८३६४७). २^२९ − १ द्या: २३३ × (२३०४१६७). कंस दोन्हीकडे सारखाच. पण पहिली संख्या मूळ आहे (ऑयलरने १७७२ मध्येच दाखवलं) आणि दुसऱ्या कंसातली नाही!

यंत्र तीन अंकी मूळ संख्यांपर्यंतच, म्हणजे ९९७ पर्यंतच भागून बघतं. उरलेली संख्या १००९ च्या वर्गापेक्षा, म्हणजे १०,१८,०८१ पेक्षा लहान असली तर ती मूळच असते. तेवढी किंवा मोठी असली की कंस. 'पुढचं तपासलेलं नाही' एवढाच त्याचा अर्थ, तरी पोरं जर्नलमध्ये बिनधास्त 'मूळ' लिहून मोकळे होतात.

पुढचं काम टेबलवर (मोड ७) होतं. घातांक विषम मूळ संख्या असेल तर २^घातांक − १ अशा संख्येचा प्रत्येक अवयव 'घातांकाच्या दुपटीची पट अधिक १' असाच असतो. म्हणून २३०४१६७ ÷ (५८X + १) भरा; स्टार्ट १८, एंड २६, स्टेप १. वर्गमूळ १५१८ च्या आत आहे, त्यापुढे जायची गरज नाही. X = १९ ला नेमके २०८९ येतात, भाजक ११०३. झाले अवयव.

२^३१ − १ ला मात्र घाम निघतो. भाजक ६२ च्या पटीत १ मिळवलेले, शिवाय ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरणारे, म्हणजे २४८X + १ किंवा २४८X + ६३ याच रूपाचे, तरी ४६३४० पर्यंत ३७३ भरतात. टेबल ३० ओळींचं, म्हणजे १४ वेळा भरायचं. चौकटीत थोडेच अंक मावतात, त्यामुळे कर्सर ओळीवर नेऊन खालची किंमत वाचा. तीही दहाच अंकी: भागाकार लाखाच्या किंचित वर असला आणि बाकी १ असली, तर दशांश दिसतच नाही. पूर्णांक दिसला की त्याला भाजकाने गुणा. २१४७४८३६४७ हीच संख्या जशीच्या तशी आली तरच तो अवयव धरा.

दहा अंकांच्या वर फॅक्ट चालत नाही. २^३७ − १ बारा अंकी आहे; तिला हाताने २२३ ने भागून ६१६३१८१७७ काढता येतात, पण त्यावर फॅक्ट दाबलं की पुन्हा कंसच, आणि ही संख्या तर मूळ आहे.

घेताना खोक्यावर 'प्लस' लिहिलंय का ते बघा. जुन्या साध्या ९९१ईएसवर फॅक्ट नाही, आणि सेकंडहँडमध्ये दोन्ही सारखेच दिसतात.